यादीत नसलेला पोशा नाखवा

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. एवढ्यात पत्र लिहायचं मनात नव्हतं. पण वाशीच्या फ्लॅटचं रंगकाम काढलं, म्हणून काल माळा रिकामा केला आणि मेणकापडात बांधलेलं ते गाठोडं हाती आलं. पनवेलच्या घरातून ते इथवर आलं तरी कसं? कुणी आणलं, हे विचारायलाच नको.

आई म्हणते, मी दूधवाल्याचीसुद्धा उलटतपासणी घेते. असेल! पण माझ्या संशयाची सुरुवात तुमच्यापासून झाली, अण्णा.

आठवतो तो रविवार? मी मॅट्रिकला होते. तुम्ही विमा कंपनीच्या पनवेल शाखेचे हेडक्लार्क, रविवारी ऑफिसचं नाव न काढणारे. त्या दिवशी जेवणाच्या वेळेला पिशवी भरून घरी आलात. मी विचारलं, तर म्हणालात, "जुने फॉर्म आहेत गं, रद्दी." मग ती रद्दी स्टूल घेऊन माळ्यावर कशाला ठेवलीत?

दुसऱ्याच दिवशी कोर्टाचा हुकूम आला. कंपनी बुडीत निघाली होती. कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरची माणसं आली, कपाटातल्या कागदान् कागदाची यादी केली आणि दाराला लाखेचं सील ठोकलं. गावभर गडबड, आणि तुम्ही घरी येऊन शांतपणे चहा प्यालात. तुम्हाला आधीच कळलं होतं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि मग खाडीकाठच्या करावे गावाहून पोशा नाखवा आला. त्याची होडी वादळात फुटली होती, नुकसानीचा अर्ज त्यानं तुमच्या हातात दिला होता. तुमच्या शब्दावर त्यानंच गावातल्या आठ घरांना विमा घ्यायला लावला होता; त्यांच्याही होड्या त्याच वादळात फुटल्या, त्यांचेही अर्ज त्यानंच आणून दिले होते. दारातच उभा राहिला तो.

"अण्णा, त्यो कोर्टाचा सायेब बोलतो, यादीन माजा नाव नाय. मी कागूद तुमालाच दिलता ना?"

"दिला असशील पोशा. पण ऑफिसात सापडला नाही, त्याला मी काय करू?"

"तुमी असा बोलता? मंग गावान मी काय तोंड दाखवू?"

मी आतल्या खोलीतून पाहत होते. माझी नजर माळ्याकडे गेली. तुमचीही गेली, मी पाहिलं! तरी तुम्ही त्याला तसंच परत पाठवलंत. आणि मी आतच राहिले.

यादीत नाही म्हणजे अर्ज नाही, एवढंच रिसीव्हरला माहीत. गावानं पोशाला खोटारडा ठरवलं, कंपनीचा दलाल म्हटलं. मला वाटायचं, कंपनीच्या मालकानं तुम्हाला कागद गायब करायला लावले. इतकी वर्षं मी हेच मनात ठेवून तुम्हाला जेवायला वाढत आले.

काल गाठ सोडली. नऊ अर्ज, पहिला पोशाचा, त्याच्या अंगठ्यासकट. खाली तुमच्या अक्षरात रिसीव्हरसाहेबांना लिहिलेले मसुदे. "शनिवारी हुकमाची कुणकुण लागली. सीलबंद खोलीत कागद वर्षानुवर्षे कुजतात. नाखव्यांचे अर्ज सुरक्षित राहावेत म्हणून घरी नेले." सात वेळा लिहिलंत, सात वेळा खोडलंत. एकही पाठवला नाहीत.

अहो, जन्मभर फॉर्म भरणारा माणूस तुम्ही! यादी होण्याआधी कागद उचलला की तो मेला, हे तुम्हाला कळू नये? बरं, चूक झाली. मग कबूल का नाही केलीत? पुढे सरकारनं सगळ्याच विमा कंपन्या ताब्यात घेतल्या आणि तुम्हाला सरकारी नोकरी मिळाली, म्हणून? कोर्टाच्या ताब्यात जायचे कागद पळवल्याचं कळलं असतं तर ती गेली असती. त्याच नोकरीवर हा फ्लॅट झाला, माझं कॉलेज झालं. माझंही तोंड त्यातच बंद झालं, अण्णा.

आणि खरं सांगू? मला आता या मसुद्यांचाही संशय येतो. कधी कुणाला सापडलंच, तर दाखवायला म्हणून तर लिहिले नाहीत ना? रात्रीपासून हेच डोक्यात आहे. तुम्हाला विचारता येत नाही, याचा राग येतो आणि रडूही येतं.

आई म्हणते, "गेलेल्या माणसाची अब्रू कशाला चव्हाट्यावर आणतेस? सोसायटीत काय म्हणतील?" पण पोशा अजून आहे. डोळे गेलेत त्याचे, दारात बसून असतो म्हणे.

या रविवारी मी करावेला जाणार. गाठोडं घेऊन, त्या आठही घरच्यांना त्याच्या दारात बोलावणार आणि अर्ज मोठ्यानं वाचणार. तुमच्या नावाला डाग लागेल, आणि तो तुमची मुलगीच लावेल. तुम्ही चोर नव्हतात, हे मी त्यांना सांगीन. पण पोशा खोटारडा नव्हता, हे आधी सांगीन.

तुमच्यावर अजूनही जीव असलेली,
कुमुद