पहिल्या पंगतीचं ताट

आत्याबाई, तुमच्याशी मी जेवढी भांडले, तेवढी सख्ख्या आईशीही भांडले नाही. सासू-सुनेचं ते चालायचंच. पण त्यातलं एक भांडण आज भाकरी थापता थापता आठवलं. ते मी जिंकलं, असं इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे.

ताडकळसला तुमच्या घरी आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि परभणीच्या शाळेत उस्तानीबाईंनी उर्दूतून शिकवलेलं डोक्यात ताजं होतं. धान्यात निशास्ता, म्हणजे पिष्ट असतं आणि त्याच्या एका ग्रॅमला चार हरारे. आताची पोरं त्यांना कॅलरी म्हणतात. तुमच्या घरात गडीमाणसं उठली की टोपल्यात उरेल ते बायकांचं. थोरल्या जाऊबाई बाळाला घेऊन माहेराहून आल्या त्या भरल्या अंगानं, आणि बघता बघता वाळल्या. दूध पुरेना, बाळ रडून घर डोक्यावर घ्यायचं. तुम्ही म्हणालात, "दोन भाकरी खाती की. आजून किती खावं?"

मी हिशेबाला बसले. भाकरी तराजूत टाकली, चौदा तोळे भरली. तोळ्यांचे ग्रॅम केले, त्यातला निशास्ता काढला, चारानं गुणलं आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं आकडा लिहिला. आकडा असा भरघोस की तुमचंच खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी काथवटीत पीठ घेऊन आधणाचं पाणी ओततेय आणि माझा हात थांबतो. भाकरी तोलली म्हणजे पाणीसुद्धा तोललं की. पाण्याला कुठले आलेत हरारे? मग कोरडं पीठ तोललं. भाकरीमागे दहा तोळे, त्यात निशास्ता सातेक तोळे, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास हरारे. तेवढ्या दोन भाकऱ्यांवर जाऊबाईंनी दळायचं, पाणी आणायचं आणि वर लेकरू पाजायचं.

जुना आकडा पुसून मी भिंतीवर हा नवा लिहिला. तुम्ही तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाया मागूनच जेवत्यात. तुज्या उस्तानीच्या घरी काय बी आसू दे."

तेव्हा मी शाळा बाजूला ठेवली. म्हटलं, "पयली पंगत गड्यांची ना? मग तुमच्या नातवाला मागच्या पंगतीला का बसवायलाव? त्यो जाऊबाईच्या ताटातलंच खायलाय."

संध्याकाळी पुरुषांची ताटं वाढली आणि त्यांच्याबरोबरच दाराआड जाऊबाईंचं ताट पडलं. तीन भाकरी, चटणीवर तेलाची धार. नातू पुढं असा गुटगुटीत झाला की तुम्ही दृष्ट काढून दमलात. मी मात्र ताठ मानेनं हिंडायचे.

पुढं मला दिवस गेले आणि माझी मान जरा खाली आली. माझा सगळा मुद्दा नातवावर उभा होता. मला झाली मुलगी. माहेराहून येताना सगळी वाट मी बैलगाडीत नवं भांडण रचत होते, एकेक वाक्य घोटून पाठ केलं होतं. तुम्ही पोरीला माझ्या हातातून घेतलंत आणि म्हणालात, "बस जेवायला." पुरुष नुकतेच पाटावर बसत होते. त्याच दाराआड ताट वाढलेलं होतं.

मी पुटपुटले, "पर ही तर पोरगी हाय."

"मंग? पोरीला भूक कमी आसती काय?"

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता हे धाडायलाही ठिकाण नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवून देते. एवढं मात्र कबूल करते, आत्याबाई: गाडीत रचलेलं ते भांडण फार चांगलं होतं. तुम्ही ते मला करूच दिलं नाही, याची चुटपुट अजून लागते.