धूर वगळून पहिला नंबर

मुनिरका, दिल्ली
१२ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. मी बरी आहे. थोडा खोकला आहे, पण या दिवसांत इथे सगळ्यांनाच असतो, काळजी करू नका. आईचा दमा कसा आहे? नवीन पंप ती वेळेवर घेते ना?

तुम्ही तीस वर्षं बॉयलरवर राबलात तो वीज प्रकल्प आमच्या संस्थेने देशातल्या प्रकल्पांची तुलना करून काढलेल्या अहवालात पहिला आला, म्हणून तुम्ही प्रकल्पाशेजारच्या आपल्या वस्तीत पेढे वाटलेत, असं समाधानदादाने कळवलं. ते वाचून मला जेवण गेलं नाही.

बाबा, तो नंबर अर्धाच खरा आहे. किती कोळशात किती वीज, एवढंच पाहिलं तर तुमचा प्रकल्प पहिलाच. पण चिमणीतून बाहेर पडणारी राख आणि वायूही मोजले, तर तो एकतिसावा येतो. मी दोन्ही याद्या केल्या होत्या. संस्थेतले माझे सर म्हणाले, "नीलम, धुराची यादी राहू दे यार, फालतू वाद होतील." मी "अच्छा सर" म्हणाले आणि ती काढून टाकली. मला अहवालावर माझं नाव हवं होतं.

काढताना आईची छाती कशी वाजते ते आठवलं होतं. तरी काढली.

काल सरांना म्हणाले, "दुसरी यादीही छापा, नाहीतर माझं नाव काढा." त्यांनी वेबसाइटवरच्या प्रतीतून नाव काढलं. अहवाल तसाच आहे.

तुमच्या कामात कसूर नव्हती, बाबा. कसूर माझी आहे. हे पत्र आईलाही वाचून दाखवा. मला तिच्याशी फोनवर बोलवत नाही.

तुमची,
नीलम