साखर पेठ, कडू

महिपतरावांना, नमस्कार न करता,

सुपारी फुटल्यावर तुम्ही माझी अन् तुमच्या वच्छलेची सोयरीक मोडलीत. ‘दारू ओतणारा जावई नको,’ म्हणालात.

परमिट रूममध्ये मी आता व्हिस्कीत काहीबाही मिसळून त्याला पेठांची नावं देतो. शुक्रवार पेठेत आलं-लिंबू असतं. तुमच्या साखर पेठेत मात्र कारल्याचा रस घालतो. गिऱ्हाईक गोड समजून मागवतं अन् तोंड वाकडं करतं. मला लई बरं वाटतं.

काल वच्छलेचा नवरा आला की! तुम्ही निवडलेला, निर्व्यसनी. साखर पेठ मागवली, एक घोट घेतला अन् म्हणाला, “अगदी आमची सासुरवाडी!”

दुसरा ग्लास मी फुकट दिला.

पत्र टपालात टाकायचं राहू दे. तो आजही आलाय. तुमच्या जावयाला दारू ओतायची आहे.

तुमचा न झालेला जावई,
सिदू