तात्यांनी शिट्टी खिशात घातली

रविवार, संध्याकाळ

शुद्धलेखन चुकलं तर माफी, मोबाईलवर बोटं लई हळू चालतात. शाळा सातवीतच सुटली.

लई दमले. जत्रेच्या कबड्डीत आज आमच्या कंपनीच्या पोरी खेळल्या. आमच्यातली एक पोरगी, मेमचा नाव तिचं, मणिपूरची हाय. ती चढाईला गेली की मागून पोरं ओरडायची, "ए चायना, घरी जा!"

तात्या तालुक्याच्या कबड्डी संघटनेचे सेक्रेटरी, आज पंचबी तेच. त्यांनी खेळ थांबवला आन् शिट्टी खिशात घातली. "कोण ओरडलं? आधी माफी, मग खेळ."

सरपंच म्हणाले, "तात्या, पोरं गंमत करत्यात राव."

"मग तुमच्या पोरीची करू द्या की गंमत!"

कोणीच पुढं आलं न्हाई. सामना रद्द झाला. जत्रा कमिटी म्हणाली, सेक्रेटरी बदला. तात्या शिट्टी खिशातच घेऊन गेले.

पहिला आवाज आमच्या दादाचा होता. मी ओळखला, तरी गप्प का बसले? उद्या पॅकिंगला मेमचा शेजारीच उभी राहणार. तात्यांना दादाचं नाव उद्या सांगू का? का आधी दादालाच बोलू? ती शिट्टी डोळ्यापुढून जात न्हाई.

दादा हाका मारतोय. मांजरीला चार पिल्लं झालीत म्हणं.