उरलेली एक बरणी

प्रिय हार्लन,

एकतीस बरण्या फोडल्यास. बुडं वेचून मोजली, म्हणून सांगते. त्यातली एकही तुझी नव्हती, माझीही नव्हती, सगळ्या आईच्या होत्या. तळघरात अजून पायाखाली काच करकरते, आणि लाकडं फोडायचा घण तू मध्येच टाकून गेलास. निदान जागेवर तरी ठेवायचा. अक्षर वाकडं आलंय. मी आठवीत शाळा सोडली, तू बारावी केलीस, तेव्हा वाचायचे कष्ट आता तू घे.

काल शेजारच्या लोइस क्रमला दवाखान्यात बघून आले. तू गावातून पळालास, तिला न भेटताच. धुणं लावायचं म्हणून ती पंपाच्या खोपटात बटण दाबायला गेली होती, एवढंच. विहिरीतून वर आलेला गॅस आत कोंडला होता, बटणाच्या ठिणगीने पेटला. छप्पर उडून सफरचंदाच्या झाडात अडकलं आणि लोइस गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आपटली. तिला पापण्या राहिल्या नाहीत. बोटं एकमेकांना चिकटलीत. मला म्हणाली, व्हर्ना, तेवढे केस विंचर. विंचरायला मूठभरच होते, तेही कंगव्यात आले. मी ते खिशात लपवले आणि म्हटलं, झालं, छान दिसतेस.

आपला झराही त्याच डोंगराचा. कंपनीने गॅससाठी डोंगराला भोकं पाडल्यापासून पाणी खारट लागतं, वर तेलाचा तवंग. गाई तोंड लावतात आणि मागे सरतात. ज्या दोघी प्यायल्या त्या गोठ्यात आडव्या पडून पाय झाडत होत्या, डोळे पांढरे. जनावरांच्या डॉक्टरला यायला दुपार झाली असती. मीच बाबांची बंदूक आणली. पहिली एका गोळीत गेली. दुसरीने मान हलवली, तिला दोन लागल्या.

खोटं कशाला बोलू, लोइस जळायच्या आधी मीही कंपनीच्या भाडेपट्ट्यावर सही करणार होते. लोइसच्या डेलने जमीन कंपनीला दिली, त्याच्या दारात नवा ट्रॅक्टर आला, आणि मी माझ्या गंजक्या ट्रॅक्टरवर बसून तो बघत होते. जमीन दोघांची, तुझी सही झालीय, माझ्यावाचून अडलंय, तुला तिकडे ओहायोत वेल्डिंगचं दुकान टाकायचंय, सगळं कळतं मला. मी मठ्ठ नाही.

पण शुक्रवारी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये सभेला तूही होतास. कंपनीचा माणूस काय म्हणाला ते ऐकलंस. या डोंगराचं पाणी पहिल्यापासून असंच आहे, नसेल तर आधीची तपासणी दाखवा. कुणाकडे असणार? आज्याने प्यायलेलं पाणी बाटलीत भरून तपासायला नेणारा आपल्यात वेडा ठरला असता. आपण सगळे तिथेच चुकलो. डेलने त्या माणसाची मान धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. दोन दात केकच्या ताटात पडले. चौघांनी ओढलं तरी डेल सोडेना. त्या गोंधळात मी उभी राहून ओरडले, की जुनं पाणी आमच्या तळघरात आहे, दरसालचं, झाकण न उघडलेलं, आईच्या हाताने साल लिहिलेलं. तू मागे भिंतीला टेकून उभा होतास. मला वाटलं, ट्राऊटचा मोसम उघडतोय म्हणून गळ टाकायला आलास. खिशात भाडेपट्ट्याचे कागद होते हे नंतर कळलं. जुनं पाणी चांगलं निघालं असतं तर तुझा सौदा मोडला असता.

आठवतं ना ते पाणी? ईस्टरच्या पहाटे, उजाडायच्या आत, जाता-येता एक शब्द न बोलता आणायचं. बोललं की पाण्याचा गुण गेला. आई त्यातलं वर्षभर दुखण्याखुपण्याला वापरायची आणि एक बरणी बंद करून ठेवायची. एकदा वाटेत तू मला चिमटा काढलास, रक्त येईपर्यंत. मी ओरडले. आईने बादली ओतून दिली आणि मला मारलं. तुला नाही. तेव्हापासून मी शिकले, हार्लनने काहीही केलं तरी आपण गप्प राहायचं.

परवा, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, मी धार काढत होते आणि तळघरातून पहिला आवाज आला. मला वाटलं फळी पडली. दुसऱ्याला कळलं.

हे मी डाव्या हाताने लिहितेय. मी जिन्यावरून खाली येऊन घण धरला, तेव्हा तू माझं मनगट पिरगळलंस आणि कडकन वाजल्यावरही सोडलं नाहीस. डॉक्टरला सांगितलं, गाईने लाथ मारली. त्याने मनगटावरचे वळ बघितले आणि म्हणाला, "तुमच्या गाईला बोटं आहेत, बाई." तरी मी गप्प राहिले. पण बत्तिसावी बरणी तू विसरलास. तुझी केन्ड्रा जन्मली तेव्हा आईने तुझ्या हातात दिली होती, बाळाच्या डोळ्यांना लावायला. तू ती कधी उघडली नाहीस. नाताळात मी आले होते तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे होती. लोइसची वकील म्हणते, कोर्ट मानेल की नाही सांगता येत नाही, पण त्या पाण्यात मीठ आणि तेल निघालं नाही तर कंपनीला तोंड लपवावं लागेल. लोइसची अजून चार ऑपरेशनं व्हायचीत, त्याचे पैसे कंपनीनेच द्यायला हवेत. तेव्हा ती बरणी घेऊन ये. टपालाने नको, फुटेल. स्वतः ये, आणि बरणीवरचं अक्षर आईचंच आहे असं वकीलबाईंसमोर लिहून दे. येतोस की नाही ते ईस्टरच्या आदल्या शनिवारी, संध्याकाळच्या धारेच्या आत कळव. कळवलं नाहीस तर रविवारी पहाटे मी झऱ्याकडे जाणार नाही, शेरीफकडे जाईन, हात गळ्यात बांधलेला तसाच घेऊन, आणि वाटभर बोलत जाईन. शनिवारपर्यंत उत्तर दे.

अजून तरी तुझीच बहीण,
व्हर्ना