शंभर नंबरचा दोरा

तीर्थस्वरूप बाईजामावशीस,

वैष्णवीचा वाकून नमस्कार. (पत्रात वाकता येत नाही, पण मान खाली घालूनच लिहिते आहे. कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला गेला का? आमच्याकडे आई खुशाल, म्हैस खुशाल, भात झोडून झालं. बाबा कालपासून खळ्यावरच बसून आहेत, फक्त जेवायला घरी येतात. मी घाबरलेली आहे. फोन केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि मग आपलं बोलणं तुमच्या आळीतल्या पाच घरांना कळतं. चंदावहिनी उद्या शहापूरच्या बाजाराला येणार आहे, तिच्या हाती हे पत्र देते. एकटीने वाच.

बायकांना टॅटिंग शिकवायला शहापूरच्या संस्थेला बाई हवी आहे, हे तूच कळवलंस. वसतिगृहात स्वयंपाक करताना तिथल्या बाईंकडून तू ही लेस विणायला शिकलीस आणि मला शिकवलंस. पदवी मिळाल्यापासून माझ्या डोक्यात एकच आहे, की आपल्याकडच्या बायकांना घरबसल्या काम मिळावं. (हे वाक्य अर्जातही लिहिलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "घरबसल्या? आमी कदी बसतो गो घरी?" मी ते खोडलं नाही, पण तेव्हापासून टोचतं आहे.) संस्थेच्या मॅडमनी फोनवर विचारलं, शंभर नंबरच्या दोऱ्यावर काम केलं आहे का? मी आजवर तू दिलेल्या वीस नंबरवरच केलेलं. मला वाटलं, नंबर मोठा म्हणजे दोरा जाड, चपलेचं तसंच तर असतं. म्हटलं, हो मॅडम, नेहमीच करते. त्या म्हणाल्या, मग हातभर लेस नमुन्याला पाठवा. मावशी, मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे. एकदाच बोलले, तेही न समजता.

संस्थेकडून दोऱ्याची गुंडी कुरियरने आली. उघडली तेव्हा कळलं, नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. तो दोरा दिसत नाही, फक्त असल्याचा संशय येतो. पहिल्या दिवशी मी ओटीवर चार हात दोरा सोडून ठेवला, तर आईने जळमट म्हणून केरसुणीने ओढून नेला. दुसऱ्या दिवशी एक कोंबडी तो पायात गुंडाळून परसात गेली आणि मी 'हळू, हळू' म्हणत तिच्यामागे (तुटू नये म्हणून, कोंबडी नव्हे, दोरा). झोडणीने माझी बोटं फुटलेली, प्रत्येक चिरेत दोरा अडकायचा. आईने खोबरेल लावायला सांगितलं, मग दोरा पिवळा पडला. आणि गाठ. तू शिकवलंस तशी ती एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उलटली पाहिजे, तरच फुलाची कडी ओढून मिटते. जाड दोऱ्यात उलटल्याचं बोटाला कळतं. इथे काहीच कळत नाही. चोवीस गाठी घालायच्या, श्वास धरायचा, ओढायचं आणि दोरा तुटायचा. तुटतानाही आवाज करत नाही, हे सगळ्यात वाईट. पाचव्या दिवसापासून तर घरात कोणी शिंकलं तरी मी रडायची. आई शिंकायला गोठ्यात जाऊ लागली.

बाबा हे सगळं दारात बसून पागाचं जाळं विणता विणता बघत होते. (काळू नदीला पाणी असतं तोवर ते मासे मारतात, नंतर वर्षभर जाळ्याला गाठी मारतात.) ते म्हणाले, "पोरी, तू दोऱ्याला भितेस. तो तुला नाय भित." मी चिडून म्हटलं, मग तुम्हीच करा. त्यांनी चुलीतली राख घेऊन बोटं घासली, स्वच्छ धुतली, माझं दोरा भरलेलं शटल हातात घेतलं आणि समोरच्या आंब्याकडे बघत बसले. चष्म्याशिवाय त्यांना सुईसुद्धा दिसत नाही, म्हणून ते बघतच नाहीत, अंगठ्यालाच विचारतात. एकदा मला गाठ सांगायला लावली. दोन चुकवल्या. तिसऱ्यांदा कडी मिटली, मावशी. ज्वारीच्या दाण्याएवढी, गोल. मी आणि आई तिच्याकडे बघत राहिलो. बाबा म्हणाले, "आता कोनाला सांगू नका."

कारण ते आमच्या दोघींपेक्षा जास्त घाबरले होते. 'कोंडू बायकांची लेस विणतो' असं गावात झालं तर म्हसा गावच्या जत्रेत बैलवाल्यांसमोर तोंड कसं दाखवायचं, ही त्यांची काळजी. पुढचे सहा दिवस ते कणगीमागे बसून विणत होते आणि मी दारात पहारा देत होते. तरी एकदा शेजारचा गणूकाका मागच्या दाराने आलाच. बाबांनी लेस सदऱ्यात कोंबली, पण दोरा बोटातून तोंडापर्यंत लोंबत होता (टोक ओलं करत होते). काय करतोस विचारलं, तर बाबा म्हणाले, दात काढतोय. गणूकाका मायाळू माणूस. तो म्हणाला, "मंग यकटा कशाला, मी हाय ना," आणि समोर बसला. बाबांना खरंच एका धडधाकट दाताला दोरा बांधून घ्यावा लागला. गणूकाकाने तीनदा झटका दिला, तीनदा दोरा तुटला. "कसला गो दोरा आनलास वैष्णवी, याने तर मिशी पन नाय उपटायची." आयुष्यात पहिल्यांदा दोरा तुटला म्हणून मी देवाला हात जोडले. संध्याकाळपर्यंत कोंडूच्या दाताची बातमी वाडीभर झाली आणि लवंग, हळद, कसलीशी मुळी असं घेऊन माणसं येऊ लागली. बाबांनी दोन दिवस गाल धरून पेज प्यायली.

हातभर लेस झाली. तिच्यात माझ्या कड्या दोन, बाकी बाबांच्या. मी ती माझ्या नावाने पाठवली. ज्या मुलीने कॉलेजात सचोटीवर निबंध लिहून बक्षीस घेतलं तिने हे केलं, हे तू कोणाला सांगू नकोस. मॅडमचा फोन आला, फार सुंदर, गुरुवारी अकरा वाजता या, आमच्या तिघींसमोर एक फूल करून दाखवा, मग नेमणुकीचं बघू. तेव्हापासून मी रोज सराव करते. दहातल्या तीन कड्या मिटतात. घरात ही गत, तर तीन अनोळखी बायका बघत असताना काय होईल? बुधवारी दुपारच्या एसटीने तुझ्याकडे मुक्कामाला येते. भात थोडाच लाव, मला जेवण जाणार नाही.

आई नमस्कार सांगते. काकांना माझाही सांग.

तुझी,
वैष्णवी

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली, म्हणजे धीर झाला नाही. काल सकाळी मी मॅडमना फोन करून खरं सांगून टाकलं. नमुना माझ्या वडिलांचा आहे, मला जेमतेम येतं, माफ करा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गुरुवारी वडिलांना घेऊन या." मी विचारलं, मी पण येऊ का? त्या म्हणाल्या, "त्यांना सोबत लागेलच ना." याचा अर्थ काय लावायचा ते तू सांग. मी सगळे लावून पाहिले.

ता. क. २. बाबा नाही म्हणतात. निरोप ऐकल्यापासून खळ्यावर बसलेत ते त्याचमुळे. "मी बाप्या मानूस हाय, मासे मारनारा," एवढंच म्हणतात. ते जगात एकट्या तुला भितात. तेव्हा बुधवारी मी तिकडे येण्यापेक्षा मंगळवारी तूच इकडे ये. म्हसा गावापर्यंत ये, पुढे मी न्यायला येते. त्यांना सांग की जायचंच. जाळं विणणाऱ्या बोटांना हे जमतं, तर आपल्याकडे अशी बोटं घरोघर आहेत, हे त्या तिघींना दिसलं पाहिजे. मी अर्जात जे लिहिलं ते मला खरंच वाटतं, मावशी.

ता. क. ३. वरच्या ता. क. मध्ये दोन ओळी खोडल्या आहेत. तिथे मी आधी लिहिलं होतं की तू येऊ नकोस, त्यांना राहू दे खळ्यावर, ते आले तर मला कोण विचारणार. लिहून झाल्यावर वाचलं आणि दोऱ्याला भ्याले नव्हते एवढी स्वतःला भ्याले. ते खोडलेलं उजेडात धरून वाचू नकोस. वाचशीलच, तुझा स्वभाव मला माहीत आहे, पण बाबांना कळू देऊ नकोस. मंगळवारी नक्की ये.