एकूण वजन

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! खोली लहान, पण खिडकी थेट समुद्राकडे. संशोधन केंद्रातल्या टाक्यांमधल्या माकूळ, म्हणजे स्क्विडच्या, माद्यांची मापं घेणं हे माझं काम. लांबी, वजन, अंडी कितपत तयार झाली ते. टाक्या सांभाळणाऱ्या मावशी माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, इथं सगळ्याच पोटुशा, तू एकटीच कशाला लाजतेस! पाचवा महिना. बेचाळिसाव्या वर्षी, तीनदा गर्भ गळून रिकामी झाल्यावर. यांनी फोनवर बजावलं, माशांना भरवून झालं की स्वतःही दोन घास खा.

११, मंगळवार
जन्मतः तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू वर्षाच्या आत हातभर होतं. मग मादीची वाढ थांबते, अंडी भरू लागतात, ती खाणं सोडते. मावशींनी शिकवलं, एकूण वजनाला भुलायचं नाही. त्यातून अंड्यांचं वजन वजा कर, मग कळेल बाई किती उरली ती. आज एक मेलेली मादी उघडली. नोंदवहीत तिचं वजन महिनाभर तेवढंच होतं, पण अंगाची भिंत कागदासारखी. मांस गेलं कुठे, विचारलं. मावशी म्हणाल्या, जाणार कुठे, लेकरांत. स्वतःची अंडी फुटलेली एकीनंही बघितली नाहीत, म्हणाल्या.

२०, गुरुवार
डॉक्टरीणबाई खूश. बाळ महिन्याच्या मानाने मोठं, माझं वजन पहिल्याइतकंच. परत येताना बसमध्ये सहज वजाबाकी केली. मग पुन्हा केली.
मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं.

२६, बुधवार
भूक नाही. यांना सांगितलं, जेवले. बाळ बापासारखं खादाड निघालंय वाटतं, म्हणून हसले. मीही हसले. खालचा एक दात हलतोय.

२९, शनिवार
बाळ नवव्या महिन्याएवढं दिसतं. पण फुप्फुसं कच्ची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला वाचवायचं तर आजच मोकळं करावं लागेल, मग बाळ राहणार नाही. दहा दिवस थांबलो तर बाळ जगेल. तुमचं मात्र —
दहा दिवस मागून घेतले. सही केली. यांना सांगितलेलं नाही.

२, बुधवार
मावशींनी मला वजनकाट्यावर चढू दिलं नाही. रागावल्या, वेडी आहेस का ग, म्हणाल्या. मग टाकीची काच पुसत बसल्या, पुसलेलीच पुन्हा.

५, शनिवार
हात खिडकीपाशी धरला. उजेड आरपार — बोटांची हाडं दिसतात. आत लाथ बसली. केवढा जोर. शहाणं माझं बाळ.

७
यांना सगळं सांगितलं. रडले, ओरडले, निघालेत. उद्या सकाळी — मावशी दवाखान्यात नेणार —

८
उजाडलं. अजून कुणी नाही.
बाळा, बाबांना गाणी येत नाहीत, पण गुणगुणतात बरं. तू रडलास तर घाबरतील, त्यांना जरा सांभाळून —
पेन जड. बोटं —
तू हलायचा थांबला आहेस. मघापासून. तुला कळलंय का, की मी